लाँड्रीच्या गाडीतला पलंग

९ जानेवारी

खिळ्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत बसणार नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. गेल्या वेळी फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडलो, आणि कशावरून ते आता दोघांनाही आठवत नाही. शिवाय मापं नि चित्रं फोनवर सांगता येत नाहीत. तुला सुतारकामातलं कळतं आणि मला शिवणकामातलं. मधलं जे काही आहे ते कागदावर असलेलं बरं.

गाडी आली. पण आपण ठरवली होती ती नाही. बेकरीची ती उंच गाडी घ्यायची, असं तू, मी आणि आमचे हे, तिघांनी मिळून ठरवलं होतं. शनिवारी मी एका बाईंच्या कोटाचं फिटिंग बघत होते, तेवढ्यात हे एकटेच गेले आणि लाँड्रीची जुनी गाडी घेऊन आले. का? तर म्हणे इंजिनाचा आवाज ऐक, लोण्यासारखा आहे. मी म्हटलं, आपल्याला तिच्यात राहायचंय, तिचं गाणं ऐकायचं नाहीये. लिफ्टच्या मेकॅनिकशी लग्न केलं की हे असं होतं. छत इतकं खाली आहे की मी ताठ उभी राहिले तर केस घासतात. छताला कपडे टांगायच्या दांड्या अजून आहेत आणि आत साबणाचा वास येतो. आईला तो वास आवडला, म्हणून माझी बोलतीच बंद झाली.

आता मुद्दा. आईच्या दुसऱ्या खुब्याचं ऑपरेशन वीस एप्रिलला ठरलंय. त्यानंतर सहा-आठ महिने प्रवास बंद. साध्या गाडीत ती तासभरसुद्धा बसू शकत नाही, आडवं व्हावंच लागतं. त्यामुळे दोन वर्षं हे घर कुठेही एकत्र गेलेलं नाही. मुलींना घेऊन हे जातात आणि मी आईजवळ राहते. माझी कुरकुर नाही. म्हणजे आहे, पण तिच्याबद्दल नाही.

तिला ऑपरेशनच्या आधी तुझ्याकडे यायचंय. चार वर्षांत तिने तुझं घर पाहिलेलं नाही. बाबांच्या कामाच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून तुला रंधा मारताना बघायचंय, एवढंच तिचं म्हणणं. दर रविवारी फोनवर ती तुला त्याच टेबलाला तेल लावलंस का ते विचारते, तेव्हा हे तुलाही माहीत असेलच. मार्चच्या शेवटी मुलींना सुट्टी आहे. तेव्हा निघायचं. त्यासाठी गाडीत तिला झोपता येईल असा पलंग हवा, आणि तो तूच करायचा. मापं कशी घ्यायची ते कळव.

ताई


१६ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार. तू चिडलेली असलीस की जरा जास्तच वाकतो.

भावोजींना सांग, आवाज लोण्यासारखा असला तरी छत पत्र्याचं आहे, टोपी घालून वावरा. गाडी आता घेतलीच आहे तर त्यावर डोकं फोडून उपयोग नाही. ते काम छत करेलच.

पलंग आडवा नको, गाडीच्या लांबीत टाकू. एक टोक ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्याला टेकलेलं आणि दुसरं मागच्या दरवाजापर्यंत. दोन्ही टोकांना घट्ट बसला की वळणावर हलणार नाही. खाली तीन खण करतो. वरची फळी हलक्या प्लायची घेतो, नाहीतर गाडी चढावर रडेल. मला दोनच गोष्टी हव्यात. एक, पाठीमागच्या पत्र्यापासून दरवाजापर्यंतची लांबी. दुसरी, आई खुर्चीत बसल्यावर तिच्या गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंतची उंची. पलंग त्याहून जास्त उंच झाला तर तिचे पाय लोंबकळतील आणि खाली झाला तर उठताना तिचे हाल होतील.

एक सुचवू का? पहिलीच खेप थेट आमच्याकडे नको. आमच्याकडचा रस्ता जागोजागी उखडलाय. आधी जवळच्या तळ्यावर वगैरे एक दिवस जाऊन या, आईला कितपत झेपतं ते बघा. आमच्याकडे काय, ऑपरेशननंतर आरामात येता येईल. तिच्या सुनेच्याही हॉस्पिटलात सध्या रात्रपाळ्या चालू आहेत. आई येणार आणि घरात कोणी नाही, असं नको व्हायला.

खिळ्या


२४ जानेवारी

खिळ्या,

तळ्याचं आईला सांगितलं. ती म्हणाली, "तळं मी पाहिलंय. त्याला मुलगा नाही." विषय संपला. तुझी बायको रात्रपाळीला असली तर दिवसा झोपेल, आम्ही आवाज करणार नाही. रस्ता उखडलेला असेल तर हे हळू चालवतील. तसेही ते हळूच चालवतात, मागून सायकलवाले घंटा वाजवतात.

मापं सोबत आहेत. आईची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची अठरा इंच. ते माप घेताना तिने दोनदा पाय हलवला आणि तिसऱ्यांदा मला ओरडली, की इतकी वर्षं लोकांची मापं घेतेस आणि स्वतःच्या आईला धड बसवता येत नाही. गाडीची लांबी एकोणऐंशी इंच. तीन वेळा घेतली. माझ्या मापाचा कपडा आजवर कोणाला तोकडा झालेला नाही, हे तुला सांगायला नको.

आईच्या मागण्या: उशीपाशी खिडकी. ती खिडकी हे स्वतः पत्रा कापून करणार आहेत, देव जाणे काय होतं ते. हाताशी चष्मा ठेवायला जागा. आणि पलंगाची कड टोचायला नको.

यांच्या मागण्या ऐकून मी हात टेकलेत. त्यांना पलंग बटण दाबून वर-खाली होणारा हवाय. मोटर आपल्याकडे पडून आहे म्हणाले. मी म्हटलं, माझी आई चौथ्या मजल्यावर चाललेली नाही, मुलाकडे चाललीय. मग दोन दिवस अबोला. धाकटी मधल्यामधे निरोप पोचवत होती. तिलाही त्याचा कंटाळा आला आणि ती म्हणाली, तुम्ही दोघं सरळ भांडा ना.

डोक्याला टेंगूळ आहे. यांच्या. दोन.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

मापं मिळाली. लांबी एकोणऐंशी धरली आहे, त्याप्रमाणे कापतो. आईच्या चष्म्यासाठी उशीकडच्या बाजूला छोटी फळी काढली आहे, कड गोल करतो. भावोजींना म्हणावं, मोटर ठेवून द्या, तुमच्याच गुडघ्यांना लागेल पुढे कधी.

सध्या काम फार आहे. तीनेक आठवडे लागतील. रविवारी आईचा फोन आला होता, टेबलाचं विचारत होती. लावलं म्हणालो तेल.

खिळ्या


१ मार्च

खिळ्या,

तुझे तीन आठवडे संपून चौथा चाललाय. गाडी अंगणात मोकळी उभी आहे. आत काय आहे सांगू? एक सतरंजी, मोठीची अभ्यासाची वही, आणि यांनी कापलेली खिडकी. ती खिडकी चौकोनी व्हायची होती. तिला चार बाजू आहेत, एवढंच मी म्हणू शकते. मी रबराची पट्टी आतून शिवून बसवली. दोन सुया मोडल्या.

फोन केला तर तुझी बायको म्हणते, कामावर गेलेत. रविवारी? सकाळी आठला? तुझं दुकान घराच्या खाली आहे, जिन्यावरून हाक मारली तर ऐकू येतं. ती नुसती "हो ताई, सांगते" म्हणाली आणि फोन ठेवला. इतकं काम असेल तर स्पष्ट सांग, मी इथल्या कोणाकडून करून घेते. हे भिजत घोंगडं मला नको. आईने पिशवी काढून ठेवलीय. रोज त्यात एक वस्तू टाकते आणि एक काढते.

मला राग कशाचा येतो माहितीये? तू नाही म्हणत नाहीस. हो म्हणतोस आणि करत नाहीस. लहानपणी तोंडात खिळे धरून काम करायचास, तेव्हा निदान बोलत नव्हतास याला कारण तरी होतं.

ताई


८ मार्च

ताई,

पलंग काल मालगाडीने रवाना केला, पाच-सहा दिवसांत पोचेल. उशीर झाला, माफ कर. करवतीचं पातं मोडलं, मग प्लाय चांगला मिळेना. सगळे सांधे डिंकाने पक्के केलेत, वर स्क्रू आहेत. नुसता सरकवून बसवायचा. बसवताना काही अडलं तर कळव, घाई करू नका.

खिळ्या


१५ मार्च

खिळ्या,

पलंग आला आणि बसला नाही.

सगळं सांगते, म्हणजे तुलाही माझ्याबरोबर उभं राहायला लागेल. सकाळी शेजारचे दोघं, हे आणि मी, अशा चौघांनी तो उचलला. आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती, केस विंचरून, जणू आत्ताच निघायचंय. पलंग दिसतो सुंदर, खोटं का बोलू. कड इतकी गुळगुळीत आहे की मोठी म्हणाली, मामाने साबण लावलाय का. आत सरकवला. पुढचं टोक पत्र्याला लागलं आणि मागचं दरवाजाच्या बाहेर. हे म्हणाले, जोर लावू. लावला. मग म्हणाले, उलटा करून बघू. केला. पलंग तो पलंगच. पाच इंच बाहेर, दरवाजा लागत नाही. शेजारी हळूच म्हणाले, आम्ही निघू का?

मी यांच्याकडून पोलादी टेप घेतला. चौऱ्याहत्तर इंच. पुन्हा घेतलं, तरी चौऱ्याहत्तर.

मग माझा मला उलगडा झाला, आणि अशी लाज वाटली की आत जाऊन बसले. गाडीच्या भिंतीचा पत्रा पन्हळी आहे. उभ्या नऊ पन्हळी. मी माझा कापडी टेप अंगावर लावतात तसा भिंतीला लावत गेले, प्रत्येक पन्हळीत बोटाने दाबून. छाती-कंबर अशीच मोजतात, टेप हवेत धरला तर माप चुकतं, हे मी माझ्या हाताखालच्या मुलींना रोज शिकवते. एकेका पन्हळीत अर्धा इंच गेला. आणि वर सवयीने शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडली. झाले एकोणऐंशी. भिंतीला कपडा शिवायचा असता तर अगदी अंगाबरोबर बसला असता.

चूक माझी. लिहून देते. मी गाडीत एकटी बसून रडले, आणि मग छताला डोकं आपटलं. म्हणजे आता घरात तीन टेंगळं.

पण हे काल जेवताना काय म्हणाले ते ऐक. म्हणाले, "खिळ्याने फुलवाल्याला दोन गाड्यांत मांडण्या करून दिल्या होत्या ना? त्या याच तर गाड्या होत्या. हेच मॉडेल." मला आठवलं. तेव्हा तू चित्रंसुद्धा पाठवली होतीस. मग माझं एकोणऐंशी वाचून तुला काहीच वाटलं नाही? माझ्या बटणांच्या कपाटाचं माप तू मला तीनदा विचारलं होतंस, आणि तरी स्वतः येऊन चौथ्यांदा घेतलंस. तुझ्यासारखा माणूस पाच इंच जास्त मुकाट्याने कापतो?

तीन वेळा फोन केला. उचलला नाहीस.

ताई


२० मार्च

ताई,

मापं चुकतात, मनाला लावून घेऊ नकोस. पलंग परत पाठवून दे, मी नवीन करतो. यायला-जायला आणि करायला महिनाभर जाईल, तेव्हा आता ऑपरेशन होऊन जाऊ दे. घाईघाईत आईला त्रास नको. ती बरी झाली की पावसाळ्यानंतर सगळे निवांत या. मुलींनाही मोठी सुट्टी असेल.

आईला सांभाळ.

खिळ्या


२४ मार्च

पत्र मिळालं. मी विचारलं होतं ते सोडून सगळ्याचं उत्तर आहे त्यात.

मुलींची सुट्टी सुरू झाली आहे. आईने आज पिशवीतून सगळ्या वस्तू काढून कपाटात ठेवल्या. ती बोलत नाही तेव्हा या घरात कोणाला जेवण जात नाही. ऑपरेशननंतर ती कशी चालेल, चालेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत. तिचं वय तुला माहीत आहे. तुला ती नकोशी झाली असेल तर तसं लिही. एका ओळीत लिही. मी तिला काहीतरी सांगेन.

ताई


३० मार्च

ताई,

नकोशी? असं लिहवलं तरी कसं तुला? पण लिहायची पाळी मीच आणली.

दुकान नाहीये. गेल्या जूनमध्ये बंद केलं. कामच येईनासं झालं. लोकांना आता तयार कपाटं हवीत, खोक्यात येणारी, घरी जोडायची. दीड वर्ष मी रोज शटर उघडून बसायचो आणि त्याच त्या पटाशीला धार लावायचो. ती पटाशी अर्धी झाली. शेवटी तशीच कपाटं करणाऱ्या कारखान्यात लागलो. बिजागरी बसवायला दारांना भोकं पाडायचं मशीन आहे, त्यावर उभा असतो. दिवसाला आठशे दारं. दार कुठल्या घरात जातं ते मला कळत नाही. हात अजून चांगला आहे, पण तो कोणाला नकोय.

बाबांचं टेबल दुकानाबरोबर गेलं. घरात शिरेना, जिन्यात अडकलं, आणि जागा रिकामी करायला दोन दिवस होते. ज्याने नेलं त्याने ते कपड्यांच्या दुकानात मधोमध ठेवलंय. त्यावर शर्टांच्या घड्या असतात. एकदा आत जाऊन बघून आलो. लाकूड आवळून धरायचा शिकंजा तसाच आहे, त्याला एक टोपी अडकवली आहे. आता माझी बस त्या रस्त्याने जाते म्हणून मी एक स्टॉप आधी उतरतो आणि मागच्या गल्लीतून चालत जातो.

आणि दर रविवारी आई विचारते, तेल लावलंस का. पहिल्यांदा तोंडातून हो गेलं. मग दुसऱ्या रविवारी नाही कसं म्हणू? असे चाळीस रविवार झाले.

तुझा एकोणऐंशीचा आकडा बघितला तेव्हाच मला कळलं होतं. त्या गाडीची लांबी मला पाठ आहे. कारखान्यातल्या एका सोबत्याच्या शेडमध्ये रविवारी-रविवारी जाऊन काम करत होतो, पेन्सिल हातात होती. तुला एक फोन केला असता तर पाच मिनिटांत मिटलं असतं. मी पेन्सिल कानावर ठेवली, थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो, आणि आत येऊन एकोणऐंशीवर रेघ मारली. पलंग बसला नाही तर तुम्ही येणार नाही. तुम्ही आला नाहीत तर आईला ते रिकामं दुकान दिसणार नाही. इतकंच डोक्यात होतं. मग कड मात्र तासतास घासली. आईला टोचू नये म्हणून. जो पलंग तिच्या वापरात येऊ नये असं मला वाटत होतं, त्याची कड घासत बसलो होतो. मूर्खपणा याहून मोठा नसेल.

तू गाडीत बसून रडलीस ते वाचलं. ती चूक तुझी नव्हती. सुतार मी आहे.

बायको जूनपासून सांगतेय की खरं सांगून टाक. मी ऐकलं नाही, म्हणून तिने तुझ्याशी बोलायचंच टाळलं.

एकच विनवणी आहे, आईला हे कळू देऊ नकोस. निदान ऑपरेशन होईपर्यंत.

खिळ्या


५ एप्रिल

खिळ्या,

तुझं पत्र वाचून आधी मी तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की समोरच्या कोटाची बाही उलटी जोडली. मग उसवताना रडले. वर्षभर एकटाच हे घेऊन फिरलास, आणि मी तुला पलंगाच्या उशिरावरून टोमणे मारत होते. पण तू जे केलंस ते केलंसच. आईला वाट बघायला लावून तू स्वतःची अब्रू झाकलीस. हे मी विसरणार नाही. विसरावं असं वाटतंय, पण इतक्यात नाही.

पलंगाचं ऐक. परत पाठवला नाही. तुझा नवा पलंग येईतो आई ऑपरेशन थिएटरात असती. मी जाड कागद चिकटवून चिकटवून गाडीच्या आतल्या बाजूचा खाका काढला, अगदी कोटाचा काढतात तसा, पन्हळींसकट. तो पलंगावर ठेवून खडूने आखलं. कापायची वेळ आली तेव्हा यांनी करवत खाली ठेवली. म्हणे इतक्या सुंदर कामावर करवत कशी चालवू. मी म्हटलं, द्या इकडे, मी लोकांच्या नव्या कोऱ्या कापडावर रोज कात्री चालवते. पायाकडचा खण गेला. तुझा डिंक इतका पक्का की सांधा सुटेना, तीन दिवस लागले. कापलेल्या कडेला मी जाड कापडाची गोट लावली आहे. दरवाजा लागतो. खाटकन लागतो. आवाज ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, महिन्याभराने.

तुझी विनवणी मी पाळली नाही. पत्र मी आईला वाचून दाखवलं, सगळं, आठशे दारांपासून टोपीपर्यंत. दोन वर्षं मी तिच्या खोलीत झोपतेय. तिच्यापासून काही लपवून मला त्या खोलीत झोप लागली नसती. आणि चाळीस रविवार तू खोटं बोललास ते पुरे झाले, त्यात माझे नकोत.

तिने सगळं ऐकलं, चष्मा मागितला, पत्र स्वतः पुन्हा वाचलं आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. सोबतचा कागद तिचा आहे. मी वाचलेला नाही. पाकीट तिनेच चिकटवलं, म्हणून ते वाकडं आहे.

ताई


५ एप्रिल

खिळ्या,

टेबल गेलं याचं मला वाईट वाटलं. खूप वाटलं. तुझे बाबा त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त वेळ घालवायचे, आणि त्याच्याखालचा भुसा आयुष्यभर मी झाडला. म्हणून सांगते, त्या टेबलाबद्दल रडायचा पहिला हक्क माझा होता. तू मला सांगितलंच नाहीस, त्यामुळे ते विकलं तेव्हा मला रडता आलं नाही. आता रडले.

दुकान बंद करायला लागलं यात लाज कसली? तुझ्या बाबांनीही दोन वर्षं गोदामात खोकी उचलली होती, तू पाळण्यात होतास तेव्हा. मला तेव्हा त्यांची लाज वाटली नाही. ते घरी यायचे याचा आनंद व्हायचा.

पण तू मला "हो, लावलं तेल" म्हणालास. दर रविवारी. मी फोन ठेवून ताईला सांगायचे, बघ, माझा मुलगा कसा निगुतीने राहतो. ते मला लागलंय. टेबलापेक्षा जास्त लागलंय. आणि मी येऊ नये म्हणून तू पलंग मोठा कापलास. मला तुझं दुकान बघायचं होतं ते तू त्यात उभा असायचास म्हणून. रिकामी जागा बघायला एवढ्या लांब कोण येतं?

मी फार रागावले आहे. हे पत्रात मिटवायचं नाही. पत्र यायला पाच दिवस लागतात, तोवर माणूस निवतो, आणि मला निवायचं नाहीये. वीस तारखेला मला भूल देणार आहेत. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. असेल. पण पोटच्या पोरावरचा राग मनात घेऊन मी त्या खोलीत जाणार नाही. म्हणून आधी तुझ्याकडे येऊन मनसोक्त भांडणार आहे. भांडून झालं की तुझ्याकडे दोन दिवस राहणार आहे.

आम्ही अकरा तारखेला निघतोय. तुझे भावोजी ज्या वेगाने चालवतात त्या हिशोबाने पोचायला बारा तारखेची संध्याकाळ होईल. मी पलंगावर पडून येईन, चांगला झालाय. कड टोचत नाही.

आता तू नोकरीवाला आहेस. तेव्हा तेरा आणि चौदा, दोन दिवस रजा टाक. साहेबांनी कारण विचारलं तर खरं सांग.

आई